देशाचा आल्बम आणि आमचे राजूर

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात रंजना सोनवणे यांना देशातले पहिले आधार कार्ड मिळाले. त्या दिवशी त्या लहानशा गावात खुद्द पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आले होते. तेव्हापासून या देशातील कोट्यवधी माणसे एका यंत्रासमोर बसली, त्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले, बुबुळांची नोंद झाली आणि प्रत्येकाचा एक फोटो निघाला. आमच्या राजूरमध्येही तो निघाला. खाणीतल्या कामगाराजवळ तो आहे, चुनाभट्टीवर दगड वाहणाऱ्या बाईजवळ आहे, आम्हा विद्यार्थ्यांजवळ आहे. तो फोटो बहुधा कोणालाच आवडत नाही. त्यात माणूस हसत नाही, बोलत नाही, काम करीत नाही. पण सरकार त्यावरून आपल्याला ओळखते आणि रेशन मिळते.

मराठीत ‘ओळख’ हा शब्द दोन कामे करतो. पोलिसपाटलाने मृतदेहाची पटवली तीही ओळख, आणि दोन माणसांत वर्षानुवर्षांच्या जाण्यायेण्याने झाली तीही ओळख. ‘राष्ट्रीय ओळख’ असे आपण निबंधात लिहितो, भाषणात म्हणतो, तेव्हा या दोहोंपैकी कोणती ओळख आपल्या मनात असते? माझ्या मते हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे तितकाच छायाचित्रणाचाही आहे; कारण एवढा मोठा देश कोणी सगळा पाहिलेला नसतो. आपण काश्मीर पाहिले ते चित्रात आणि केरळ पाहिले तेही चित्रात. देश हा बऱ्याच अंशी आपल्या डोक्यातला एक आल्बम असतो. त्या आल्बममध्ये कोणाचा फोटो लागला, कोणाचा लागला नाही, आणि लागला तो कोणत्या रूपात लागला, हे विचारले पाहिजे.

या आल्बमची सुरुवात आपण केलेली नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला आपली प्रजा नेमकी कोण आहे हे जाणून घ्यावेसे वाटले आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड प्रसिद्ध झाले. वॉटसन आणि के हे त्यांचे संपादक. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे त्यांत आहेत. पण एकेका चित्राखाली असते ती जात, जमात, धंदा. आणि ही जमात विश्वासू आहे की दंगेखोर, अशा प्रकारचा शेरा. समोरच्या माणसाचे नाव क्वचितच. नमुना म्हणून माणूस उभा केला, जसा प्रयोगशाळेत बेडूक ठेवतात. गंमत अशी की त्याच सुमारास मुंबईत आपली माणसेही कॅमेरा हाताळीत होती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. कॅमेरा आपल्याकडे युरोपाच्या मागोमाग फार लवकर आला. उशिरा आला तो कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला नाव विचारण्याचा रिवाज.

तो रिवाज पाडणाऱ्यांपैकी एक अमेरिकन शिक्षक होता. त्याचे नाव लुईस हाइन. १९०८ पासून तो बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी काम करू लागला आणि गिरण्या, खाणी, कारखाने यांतून हिंडला. मालक आत सोडीत नसत, तेव्हा सोंगे घेऊन शिरला. १९११ च्या जानेवारीत त्याने पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्स्टन येथे कोळसा निवडणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. काळवंडलेल्या चेहऱ्यांची, बाकांवर वाकून बसलेली आठ-दहा वर्षांची पोरे. राजूरच्या माणसाला ती पाहून काही समजावून सांगावे लागत नाही. कोळशाची धूळ सगळ्या देशांत एकाच पद्धतीने चेहऱ्यावर बसते. हाइनचे वैशिष्ट्य असे की तो खिशातल्या वहीत गुपचूप मुलाचे नाव, वय, कामाचे तास लिहून घेई, आणि स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांशी उंची ताडून मुलाच्या वयाचा अंदाज बांधी. म्हणजे त्याच्या दृष्टीने छायाचित्र ही साक्ष होती, आणि साक्षीदाराला नाव-गाव लागतेच. अमेरिकेत बालमजुरीवर देशव्यापी कायदेशीर बंधन आले ते १९३८ साली. सत्तावीस वर्षे गेली. फोटो काढला आणि क्रांती झाली, असे होत नाही. पण त्या चित्रांनंतर अमेरिकेला ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येईना.

आपल्याकडे हे काम सुनील जाना यांनी केले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी त्यांना आणि चित्रकार चित्तप्रसाद यांना दौऱ्यावर घेऊन गेले. त्या वेळी पक्षाचे मुख्यालय मुंबईत होते आणि ‘पीपल्स वॉर’ या त्याच्या साप्ताहिकाची ‘लोकयुद्ध’ ही मराठी आवृत्ती निघत असे. बंगालची भूक मुंबईच्या गिरणगावात पोचली ती अशा पत्रांतून. जाना यांनी पुढे बंगाल-बिहारच्या कोळसाखाणींतले मजूर टिपले, मध्य भारतातले आदिवासी टिपले, आणि गांधी-नेहरूही टिपले. इंग्रजांच्या त्या आठ खंडांशी ही चित्रे ताडून पाहावीत. तिथे माणूस राज्यकर्त्याच्या माहितीसाठी उभा आहे. इथे तो दुसऱ्या माणसाकडे पाहतो आहे, आणि पाहणाऱ्याचे त्याच्याशी काही नाते आहे असे गृहीत धरून पाहतो आहे. स्वातंत्र्य चार वर्षे दूर होते. पण मला वाटते, राष्ट्र म्हणजे काय हे त्या उपासमारीच्या चित्रांनी कित्येक ठरावांपेक्षा अधिक स्पष्ट सांगितले. तुझ्या दाण्याशी माझा संबंध आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या अगदी शेजारचे, वर्धा जिल्ह्यातले आहे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी राहत असे. त्याला फोटो काढण्याची हौस. घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, मला पोझ द्यायला सांगायचे नाही, आणि आश्रम यासाठी पैसा देणार नाही. मला या तीन अटी छायाचित्रणाच्या एखाद्या जाड पुस्तकाइतक्या मोलाच्या वाटतात. पहिलीत समोरच्याच्या डोळ्यांची कदर आहे, दुसरीत सत्याची, आणि तिसरीत सार्वजनिक पैशाची. आणखी एक गोष्ट सांगतात. १९४४ साली आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा गांधीजींनी कनूला छायाचित्र घेऊ दिले नाही. ज्या माणसाचे आयुष्यभर फोटो निघाले, त्याने नेमक्या त्या क्षणी दार लावून घेतले. ज्याला दार आहे त्याला ते लावता येते. पण ज्याचे घर कुडाचे, ज्याच्या अंगणात प्रेत ठेवलेले आणि भोवती दहा कॅमेरे, त्याने काय लावावे? याकडे मी पुढे येतोच.

या ठिकाणी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सगळे दुष्ट असतात असे नाही. गरिबीची चित्रे दाखवून देशाची अब्रू का काढता? १९८० साली राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर हाच आरोप केला होता की, ते भारताचे दारिद्र्य परदेशात नेऊन दाखवतात. त्यांनी आधुनिक भारत दाखवावा. आधुनिक भारत म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर होते: धरणे. (धरणांत बुडालेल्या गावांचे फोटो कोणत्या भारतात घालायचे, हे मात्र कोणी विचारले नाही.) या भीतीला आधारच नाही असेही म्हणवत नाही. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी ‘मदर इंडिया’ हे पुस्तक लिहिले, ते हिंदुस्थान स्वराज्याला लायक नाही हे जगाला पटवण्यासाठी. गांधीजींनी त्याला गटारे तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा अहवाल म्हटले. पण त्याच लेखात ते असेही म्हणाले की, हे पुस्तक इंग्रज-अमेरिकनांपुढे ठेवण्यासारखे नाही; भारतीयांनी मात्र ते वाचल्यास त्यांना लाभच होईल. मला हा विवेक फार महत्त्वाचा वाटतो. दारिद्र्य दाखवावे की लपवावे हा प्रश्नच चुकीचा आहे. कोण दाखवतो, कोणाला दाखवतो, आणि ज्याचे दाखवले त्याचे त्यात काय म्हणणे आहे, हे विचारायला हवे.

आता यवतमाळ जिल्ह्याकडे वळू. देशाच्या आल्बममध्ये आपल्या जिल्ह्याचे एक पान आहे, नाही असे नाही. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पवनारजवळ दत्तपूर येथे पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. त्या घटनेची नोंद पुढे फार झाली, चित्रे फार निघाली नाहीत. पण २००० नंतर कॅमेरे आले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्याच्या आगेमागे तर देशीविदेशी वार्ताहरांची रीघच लागली. त्या काळात जे चित्र पुन्हापुन्हा निघाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे: कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीला टेकून बसलेली बाई, डोक्यावर पदर, आणि हातात नवऱ्याचा चौकटीतला फोटो. फोटोत फोटो. तिला तसे बसवलेले असे, हे उघड आहे. नाहीतर कोणती बाई दिवसाढवळ्या मेलेल्या नवऱ्याची तसबीर मांडीवर घेऊन बसते?

त्या चौकटीतल्या फोटोकडेही जरा पाहा. पुष्कळदा तो कुठल्यातरी ओळखपत्रावरून किंवा लग्नातल्या गर्दीतून कापून मोठा केलेला असतो. डोळे पुसट, मागे स्टुडिओवाल्याने घातलेला निळा रंग. त्या माणसाचा कापूस वेचताना, बैल धुताना, बाजारात पानाला चुना लावताना काढलेला एकही फोटो नसतो. जिवंतपणी त्याला देशाने पाहिले नाही, आणि मेल्यावर पाहिले ते ओळखपत्राच्या आकारात.

२००८ मध्ये मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचे नाव राहुल गांधी यांनी लोकसभेत घेतले आणि एका रात्रीत ते देशभर झाले. जळका आपल्यापासून दूर नाही. एक नाव तरी कळले, हे चांगलेच झाले. पण ‘कलावती’ हे लवकरच एका बाईचे नाव राहिले नाही, वर्तमानपत्री भाषेत तो एक प्रकार झाला. अमेरिकेतही हेच घडले होते. १९३६ साली डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने कॅलिफोर्नियात निपोमो येथे मुलांना बिलगवून बसलेल्या एका स्थलांतरित मजूर बाईचा फोटो काढला. मंदीच्या काळातील अमेरिकेचे तेच चित्र झाले, पुढे टपालाच्या तिकिटावरही आले. छावणीवर सरकारने धान्य पाठवले, तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या गावी गेली होती. लँगने तिचे नाव विचारले नव्हते. ती फ्लॉरेन्स थॉम्पसन, हे जगाला कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. आणि ती चेरोकी या मूळ रहिवासी जमातीची, हेही. ज्यांची भूमी हिरावून ते राष्ट्र उभे राहिले, त्यांच्यातलीच एक बाई त्या राष्ट्राची माता म्हणून भिंतींवर लागली होती, आणि कोणाला पत्ता नव्हता. आपल्या चेहऱ्याचा असा वापर झाल्याचे तिला वाईट वाटत होते.

हे झाले ज्यांचे चित्र निघाले त्यांचे. राजूरचे काय? राजूरचे चित्रच निघाले नाही. आम्ही शेतकरी जिल्ह्यातले खाणगाव. त्यामुळे जिल्ह्याच्या पानावर बसत नाही, आणि कोळशाचे पान धनबादने घेतले. ब्राझीलचे सेबास्तियाव साल्गादो १९८९ मध्ये धनबादच्या खाणींत आले, आणि १९९३ साली त्यांच्या ‘वर्कर्स’ या ग्रंथातून ते काळे, थकलेले चेहरे जगभर गेले. चित्रे थोर आहेत यात शंका नाही. नावे तिथेही नाहीत.

राजूरला या. एका अंगाला कोळशाची काळी धूळ, दुसऱ्या अंगाला चुनखडीची पांढरी. एकाच गावातली दोन माणसे संध्याकाळी घरी येतात, तेव्हा एक काळा झालेला असतो आणि दुसरा पांढरा. भट्टीत चुनखडीच्या दगडांचे आणि कोळशाचे थर आलटून पालटून भरतात, आग दिवसरात्र धुमसत ठेवतात, आणि खालून कळीचा चुना काढतात. तो पाण्यात पडला की उकळतो, ओल्या हाताला लागला की हात भाजतो. महाराष्ट्राच्या कितीतरी भिंती असल्या हातांनी पांढऱ्या केल्या आहेत. खाणीचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली. कोळसा राष्ट्राचा झाला. तो खणायला आणि दगड फोडायला आलेल्यांत छत्तीसगडी बोलणारे आहेत, तेलुगू बोलणारे आहेत, भोजपुरी बोलणारे आहेत. आणि त्यांची नातवंडे आज आमच्याबरोबर वऱ्हाडी वळणाचे मराठी बोलतात, एकाच बाकावर बसून राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहितात. निबंधासाठी उदाहरण मात्र पाठ्यपुस्तकातले देतात. वर्गाच्या खिडकीतून पाहिले असते तरी चालले असते.

भूमिगत खाणीत मोबाइल नेता येत नाही. आतल्या वायूमुळे ठिणगीचा धोका असतो. नियम योग्यच आहे. पण त्याचा परिणाम काय होतो पाहा. आज राजूरच्या पोराच्या खिशात कॅमेरा आहे, त्याने स्वतःचे हजार फोटो काढले आहेत. तरी आपला बाप पाळीला उतरल्यावर कसा दिसतो हे त्याने कधीच पाहिलेले नाही. घराच्या भिंतीवर बाबासाहेब असतात, बुद्ध असतो, लक्ष्मी असते, लग्नाचा जोडफोटो असतो. टोपीवर दिवा लावलेला बाप नसतो. खाण बंद पडते, माणूस निवृत्त होतो, खोकत खोकत म्हातारा होतो, आणि तीस वर्षांच्या कामाचा एक कागदी पुरावा राहतो तो हजेरीचा.

मग वाट कोणती? वाट दाखवणारे आपल्या भागातही आहेत. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईत वृत्तछायाचित्रकार झाले, आणि तिथे त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षे काम केले. मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस त्यांनी दाखवला, आणि तोच माणूस घरी मुलाबाळांत कसा असतो तेही दाखवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भातल्या आत्महत्यांवर सातत्याने लिहिणारे पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतील कष्टकरी बायकांची छायाचित्रे घेतली आणि ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन केले. ते कलादालनापुरते ठेवले नाही. बसस्थानकांवर, रेल्वे स्थानकांवर, कारखान्यांत, शेतमजुरांच्या मेळाव्यांत नेले. ज्यांचे चित्र, त्यांच्यापुढेच आधी ठेवायचे. मला यातले तंत्र येत नाही, पण यातला शिष्टाचार कळतो. आपल्याकडे कोणी वाटीभर भाजी दिली तर वाटी रिकामी परत करीत नाहीत. चेहरा घेऊन जाणाऱ्याने तर रिकाम्या हाताने जाऊच नये.

म्हणून वार्षिकांकाच्या संपादक मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या अंकात छायाचित्रांची पाने असतात: स्नेहसंमेलनाचे उद्घाटन, पाहुण्यांना पुष्पगुच्छ, विजयी कबड्डी संघ, श्रमदान करणारे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी (एका टोपल्याला सहा हात लागलेले). ती असावीत, त्यांत आम्हीही असतो. पुढील वर्षी त्यांतली चार पाने राजूरला द्यावीत. खाणीच्या आवारात आणि आत फोटो काढायचे तर कंपनीची लेखी परवानगी लागेल. प्राचार्यांच्या सहीचे पत्र आताच गेले तर पावसाळ्यापूर्वी उत्तर येईल. ते नाहीच आले, तर पाळी सुटताना दाराबाहेरच्या रस्त्यावर कोणाची बंदी नाही. भट्ट्यांवर सकाळी लवकर जावे, नंतर उन्हात दगडही पांढरा आणि माणूसही पांढरा, काही वेगळे दिसत नाही. विचारल्याशिवाय फोटो घेऊ नये. नको म्हटले तर कॅमेरा खाली. प्रत्येक चित्राखाली माणसाच्या संमतीने तीन गोष्टी छापाव्यात: नाव, काम, आणि आजा कुठल्या गावाहून आला ते. शेवटची माहिती मिळवायला वेळ लागेल, चहाही प्यावा लागेल. इतिहास आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी यासाठी एखादी प्रात्यक्षिकाची तासिका दिली तर बरे.

अंक निघेल तेव्हा ज्यांचे फोटो छापले त्यांच्या घरी एकेक प्रत पोचवायची, आणि फोटोची वेगळी मोठी प्रतही द्यायची, पुठ्ठ्यावर चिकटवलेली, भिंतीला लावता येईल अशी. वणीच्या स्टुडिओत वीस-पंचवीस प्रतींचा खर्च स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी येईल. वर्गणी काढायची असेल तर माझे नाव पहिले लिहावे.